आठ फुटी पंख

आठव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे लिफ्ट सटकली. फार नाही, पाऊण हात असेल. आत तपासनीस एकटाच होता. म्हणजे तो, आणि त्याच्या भोवती रचलेली बिडाची वजनं. भरल्या लिफ्टला ब्रेक धरतो की नाही ते पाहायचं होतं, म्हणून सकाळपासून ती ढकलगाडीवरून आणून ठेवली होती. ब्रेकने धरलं नाही. पायांखालची फरशी अगदी सहज, टेबलावरचा कागद कोणी ओढून घ्यावा तशी, खाली गेली. टाचा बुटांत हलक्या झाल्या, पोट जरासं वरच राहिलं, आणि मग खाडकन सुरक्षेच्या पाचरी रुळांना चावल्या, लिफ्ट थांबली, वजनं एकमेकांवर आपटून वाजली. वरच्या यंत्रघरातून मिस्त्री ओरडला, "साहेब! साहेब, आहात ना?" "आहे," तो म्हणाला. एकतीस वर्षं तो लिफ्ट तपासत आला होता. ब्रेक सुटला तर पाचरी बसतात, बसल्या; अहवालात याला दोन ओळी पुरतात. पण तो वजनांच्या चवडीवर बसूनच राहिला. तोंडावर हसू होतं. समोरच्या आरशात ते त्याने स्वतःच पाहिलं. घाबरल्यावर माणूस हसतो कधीकधी, त्याने स्वतःची समजूत घातली. पण समजूत पटेना. घाबरला नव्हताच तो. त्या पाऊण हातात त्याला आनंद झाला होता, आणि इतका झाला होता की दार उघडून मिस्त्री आत डोकावला तेव्हा त्याने रुमाल काढून तोंड पुसल्यासारखं केलं.

त्या दिवशी तो चालत घरी निघाला. हा आनंद त्याच्या ओळखीचा होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एकदा येऊन गेला होता, आणि तेव्हाही त्याने तो असाच तोंड झाकून लपवला होता. घरामागे एक गोदाम होतं, पत्र्याच्या छपराचं. दादा बारा वर्षांचा, तो नऊ. दादा छपरावर, तो खाली. आणि मग दादा छपराच्या कडेवरून सुटला. हात पसरलेले, सदऱ्यात हवा शिरून पाठीवर फुगा झालेला, तोंड उघडं. जमिनीवर आदळायच्या आधी, एवढासा क्षणभर, दादा इतका सुंदर दिसला होता की खाली उभा राहून तो टाळ्या वाजवायच्या बेतात होता. दोन्ही हात वर आले होते. मग तो आवाज आला. सुकी फांदी मोडावी तसा नाही, लोक उगाच तसं म्हणतात. ओला, बारीक आवाज होता. दादाचा पाय पुढे तीन वेळा जोडला तरी आखूडच राहिला. दादा आज दुसऱ्या गावी छापखाना चालवतो, लंगडतो, दर रविवारी सकाळी दहाला फोन करतो, हवापाण्याचं बोलतो. आणि हा दर रविवारी फोन कानाला लावून त्या वर आलेल्या दोन हातांचा विचार करतो. याबद्दल तो कोणाशी कधी बोलला नव्हता. बायकोशीही नाही. काय बोलणार? माझा भाऊ पडत होता आणि मला बरं वाटत होतं?

चुकीच्या गल्लीत वळला म्हणून ते छोट्या विमानांच्या सामानाचं दुकान दिसलं. दर्शनी काचेत छताला दोऱ्यांनी टांगलेला एक पंख होता, कापड न चढवलेला, नुसता सांगाडा. पातळ फिक्या लाकडाच्या फासळ्या ओळीने, मुळाशी मोठ्या, टोकाकडे लहान लहान होत गेलेल्या, आणि सगळ्यांच्या पोटातून गेलेले दोन दांडे. रस्त्यावरून जड गाडी गेली की सबंध पंख किंचित हलत होता. तो किती वेळ तिथे उभा होता कोण जाणे. आतून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई बाहेर आल्या. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर आडवा जुना व्रण होता. "आत या की," त्या म्हणाल्या, "काचेला नाक लावून उभे राहिलात तर गिऱ्हाइकांना वाटेल तुम्हालाच विकायला ठेवलंय." तो आत गेला. आत लाकडाचा, रंगाचा आणि पेट्रोलचा वास होता. त्याने विचारलं, हे उडतं? बाई म्हणाल्या, "उडवलं तर."

पुढचे दोन महिने तो त्या दुकानात राहायलाच गेल्यासारखा झाला. आधी शिकायचं, बाईंनी बजावलं. रविवारी मैदानावर या, जमिनीवरून रेडिओने चालवायच्या, डोक्यावर पंख असलेल्या एका गरीब विमानावर हात बसवा, तोवर मोठ्या विमानाचं स्वप्न बघायला बंदी नाही. तो रविवारी शिकायचा आणि बाकीचे सहा दिवस स्वप्न बघायचा. त्याला लढाऊ विमान हवं होतं, जुनं, पुढे पंखा असलेलं. आणि मोठं हवं होतं, खेळणं वाटणार नाही एवढं. का, ते त्याला सांगता येईना. बाईंनी तीन किटचे नकाशे काउंटरवर पसरले आणि कोपऱ्यांवर रंगाचे डबे ठेवले. स्पिटफायर, मस्टँग, हरिकेन. स्पिटफायरच्या पंखांना कुठे सरळ रेघच नव्हती. बघावं तिकडून ते वळत जाऊन टोकाशी मिटायचे. त्याचा जीव तिथेच अडकला. "सगळ्यांचा अडकतो," बाई म्हणाल्या. "दिसायला राजकन्या आहे. पण चाकांचे पाय बघा, जवळजवळ. उतरताना जरा वारा बाजूने आला की बसली कुशीवर. आणि हळू झाली की सांगत नाही, सरळ एक खांदा टाकते." मस्टँग चकचकीत होतं, जरा जास्तच, लग्नाला निघालेल्या माणसासारखं. आणि हरिकेन? जाडजूड पंख, पाठीला पोक, शेपटीकडचा भाग कापडाचा, पाय मात्र फेंगडे, लांब लांब रोवलेले. "हे शहाणं आहे," बाई म्हणाल्या. "दिसायला शेजारच्या काकांसारखं. पण चुका पोटात घालतं."

तरी निर्णय शेवटी लिफ्टनेच केला. चौथ्या मजल्यावर राहणारा, जन्मभर लिफ्टची मापं घेतलेला माणूस. विमान घराबाहेर कसं काढायचं हा प्रश्न त्याला पडला नसता तरच नवल. एका संध्याकाळी तो टेप घेऊन आपल्याच इमारतीच्या लिफ्टमधे उभा राहिला. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन आत आले आणि "काही बिघाड आहे का?" म्हणून काळजीने विचारू लागले. "नाही," तो म्हणाला, "विमान बसतंय का बघतोय." गृहस्थ पुढच्या मजल्यावर उतरले, आपला नसूनही. आतली उंची दोन मीटर वीस. एक चतुर्थांश मापाचं कुठलंच विमान उभं राहणार नव्हतं. एक पंचमांश मापाच्या हरिकेनचं धड एक मीटर शहाण्णव, नाक खाली करून उभं केलं की वर वीतभर जागा उरत होती. पंख मात्र टोकापासून टोकापर्यंत आठ फूट. पण हरिकेनचा पंख मूळ विमानातही तीन तुकड्यांचा होता, मधला धडाला चिकटलेला आणि दोन बाहेरचे, सुटे होणारे. ते बगलेत मारून जिन्याने नेता येतील. तो टेप मिटवून लिफ्टमधे एकटाच हसला. प्रेमात पडण्याची ही रीत नव्हे हे त्याला कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी बाईंच्या काउंटरवरचा हरिकेनचा नकाशा त्याला वेगळाच दिसला. ते पोक त्याला आवडू लागलं होतं.

खोकं घरी आलं तेव्हा बायको आणि सासूबाई दोघी बाहेरच्या खोलीत होत्या. बायको नाटकाचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात बेतण्याचं काम करायची. राजाचे झगे आणि शिपायांचे डगले तिच्या कात्रीतून जायचे. सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या, चार पायांच्या काठीने घरभर फिरायच्या आणि कोणाचंही काहीही नजरेतून सुटू द्यायच्या नाहीत. "केवढं हे!" बायको म्हणाली. "अहो, यात माणूस आहे का?" त्याने खोकं उघडलं. पत्रांसारखे रचलेले बाल्सा लाकडाचे पातळ तक्ते, यंत्राने अर्धवट कापलेल्या फासळ्या, तारा, चाकं, आणि बरोबर गुंडाळी केलेला नकाशा, जो उलगडला तेव्हा सोफ्यावरून निघून सासूबाईंच्या पायांपर्यंत गेला. "काय करताय, जावईबापू?" "विमान, आई. छंद म्हणून." "कुठलं?" "असंच. साधं." त्याने पंखाच्या नकाशावर हात ठेवला होता, तिथे कडेला बंदुकांच्या आठ जागा ठिपक्यांनी दाखवलेल्या होत्या. सासूबाई लहान असताना त्यांच्या शहरावर विमानं यायची, जिन्याखाली लपून बसावं लागायचं, एवढं त्याला बायकोकडून ठाऊक होतं. त्या स्वतः त्याबद्दल कधी बोलत नसत. म्हणून साधं. असंच.

पंख बांधायला एकदम सपाट पाट लागतो. पाटच वाकडा असला तर पंख त्याचा वाकडेपणा आयुष्यभर वागवतो. त्याने पाणसळ घेऊन घरातली सगळी दारं तपासली. फक्त एक सरळ निघालं. संध्याकाळी बायको कामावरून आली आणि शयनखोलीच्या उंबऱ्यात थबकली. "अहो, आपलं दार कुठाय?" दार बाहेरच्या खोलीत दोन स्टुलांवर आडवं झालं होतं, त्यावर नकाशा, नकाशावर मेणकागद. "तेवढंच सरळ होतं गं," तो म्हणाला. तिने दाराकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून एक जुना लाल मखमली पडदा घेऊन आली आणि चौकटीला टांगला. त्यानंतर दीड वर्ष ती दोघं रोज पडदा सारून झोपायला जात, आणि सासूबाई दर वेळी म्हणत, "झाला का प्रयोग सुरू?"

आणि ते दीड वर्ष! दिवसभर लोखंडी दोर, तेल, दारांचे सेन्सर, माणसांचे वाद, आणि मनात सतत एक फिकं, हलकं लाकूड. बाल्सा हातात घेतलं की पहिल्यांदा हात फसतो. डोळ्यांनी ठरवलेलं वजन हाताला सापडतच नाही. त्या फसवणुकीचं त्याला व्यसन लागलं. फासळी तक्त्यातून अंगठ्याने दाबून सुटी करायची, कडा घासायच्या, दांड्यावर बसवायची, टाचण्यांनी जखडायची, गोंदाचा थेंब, मग पुढची. एकेक फासळी उभी राहिली की पंखात एक श्वास भरल्यासारखं वाटायचं. एकदा सोळावी फासळी दोन मिलिमीटर पुढे बसली, आणि तो सबंध दिवस कामावर अस्वस्थ होता. एका इमारतीच्या शाफ्टमधे बॅटरी धरून उभा असताना त्याला एकदम आठवलं की आपण नकाशा उलटा धरला होता, आणि तो मिस्त्रीला मिठी मारायचाच बाकी राहिला. पॉलिश पेपरने पंखाची पुढची कड गोल करताना तो डोळे मिटायचा. बोटांना जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही, हे बाईंनी सांगितलं होतं. भुगा घरभर झाला. सासूबाईंच्या चष्म्यावर, बायकोच्या केसांत, फ्रिजच्या माथ्यावर. धडाच्या मागच्या भागावर कापड चढवायची वेळ आली तेव्हा तो इस्त्री घेऊन घाबरत घाबरत सुरुवात करत होता, आणि बायकोने सरळ त्याच्या हातातून इस्त्री काढून घेतली. "सरका. कापडाला असं हात लावायचा असतो का? आधी कडा धरायच्या, मग मधे यायचं." तिने तिरकस ताण देत देत, तोंडाने पुटपुटत, ते कापड असं बसवलं की टिचकी मारली तर ढोलासारखं वाजावं. तिनेच टिचकी मारून पाहिली. मग आणखी एकदा मारली. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती लग्नात दिसली होती तशी दिसत होती. म्हणजे लग्नातही ती अशीच कोणाच्या तरी साडीच्या निऱ्या नीट करत होती.

पण पंखाच्या पुढच्या कडेला आठ भोकं पाडायची होती, ती तो पुढे पुढे ढकलत होता. बाईंनी एकदा विचारलं, "बंदुका राहिल्यात तुमच्या." "बघतो," तो म्हणाला. घरी पंखाकडे पाहताना त्याला वाटायचं, आपण काय बांधतोय? हे उडायला केलेलं यंत्र नव्हे, मारायला केलेलं यंत्र आहे. उडणं ही त्याची नुसती सोय. मग आपल्याला एवढा आनंद कसला होतोय? आणि लगेच त्याला ते गोदाम आठवायचं, सदऱ्यातला हवेचा फुगा, वर आलेले दोन हात. आपल्यात काहीतरी बसवतानाच तिरकं बसलंय, असं त्याला वाटायचं, सोळाव्या फासळीसारखं, आणि इथे नकाशा सरळ धरायला कोणी सांगणार नाही.

मग एका सुट्टीच्या दुपारी त्याने पहिल्यांदा पंखाचे तिन्ही तुकडे जोडले, मधला धडाला चिकटवायच्या आधी. खालची बाजू रंगवायची होती, म्हणून सबंध पंख उताणा, पोट वर करून, फरशीवर ठेवला होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत आठ फूट. तो कोपऱ्यात चेपून उभा राहून नुसता बघत होता, तेवढ्यात काठीचे चार पाय वाजले. सासूबाई दारात आल्या आणि उभ्या राहिल्या. "हे ते आहे," त्या म्हणाल्या. "आई, मी सांगणार होतो—" "पोटावरून ओळखलं. आम्ही पोटच बघायचो ना. जाड्या म्हणायचो याला." त्याने घाईघाईने पंखावर जुनी चादर टाकायला घेतली. "अहो, ठेवा ती चादर! बघू द्या की मला." मग त्या सावकाश सोफ्यावर बसल्या, दोन्ही हात काठीच्या मुठीवर, आणि एखाद्या लग्नाची हकिगत सांगावी तशा सांगू लागल्या. "मी सहा वर्षांची होते. भोंगा झाला की आई आम्हाला जिन्याखाली कोंबायची. मी कितीदा तरी निसटून अंगणात पळायचे. बघायला. आमची होती की त्यांची, ते मोठ्या माणसांना कळायचं, आम्हाला सगळी सारखीच. एकदा हा जाड्या एवढा खालून गेला की वाळत घातलेले कपडे उडाले. आणि मी नाचले हो अंगणात. अशी नाचले! त्या दिवशी पलीकडच्या गल्लीत चार माणसं गेली. आईने मला थोबाडीत मारली, आणि म्हणाली, तुला लाज नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले की मला फार भीती वाटायची." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "भीती वाटायची. पण नाचलेही मी. आता हे कोणाला सांगणार?"

बाहेरच्या खोलीत ऊन होतं, उन्हात भुगा तरंगत होता. त्याला आपण काय करतोय हे कळायच्या आत तो फरशीवर बसून बोलायला लागला होता: गोदाम, छप्पर, दादा, सदरा, हात. एवढी वर्षं मुका ठेवलेला प्रसंग चार मिनिटांत संपला याचंच त्याला आश्चर्य वाटलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. "दादाला सांगितलंत?" "नाही." "सांगा मग." मग काठी जवळ ओढत म्हणाल्या, "किंवा नका सांगू. मला काय कळतंय त्यातलं." आणि उठता उठता काठी पंखाच्या कडेकडे रोखून विचारलं, "याला भोकं असायची इथे. समोरून आला की दिसायची. ती कुठायत?" "वाटलं, नको पाडायला." "पाडा," त्या म्हणाल्या. "होती ती. उगाच सोवळा करू नका त्याला." दुसऱ्या दिवशी त्याने आठही भोकं पाडली, आणि बायकोने त्यांच्यावर चिकटवायला लाल कापडाची आठ चौकोनी ठिगळं कापून दिली, मूळ विमानात असायची तशी.

उड्डाणाच्या रविवारी धड लिफ्टमधे उभं राहिलं, शेपूट वर, आणि वर वीतभर जागा उरली. पंख बायकोने जिन्याने नेले, प्रत्येक वळणावर "सांभाळा, सांभाळा" असं स्वतःलाच ओरडत. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या आणि सगळी वाट त्यांनी मान वळवून मागचं विमान नीट आहे ना ते पाहिलं. मैदान शहराबाहेर होतं, कापलेल्या गवताचा एक लांब पट्टा, कडेला तारेचं कुंपण. बाई आधीच येऊन थांबल्या होत्या, सासूबाईंसाठी घडीची खुर्ची मांडून. त्यांनी पंखांच्या आणि शेपटीच्या सगळ्या हलत्या पट्ट्या हलवून पाहिल्या, तोल पाहिला, बोटाने कापड वाजवलं आणि बायकोकडे बघून मान डोलावली. ठरलं होतं असं, की पहिलं उड्डाण बाई करतील. पहिल्यात निम्मी मोडतात, त्या म्हणाल्या होत्या, आणि आपण मोडण्यापेक्षा दुसऱ्याने मोडलेलं सोसतं. तो कबूल होता. रविवारी शिकलेल्या गरीब विमानाचं वजन तीन किलो, याचं तेरा.

दहाला फोन वाजला. दादा. तो फोन घेऊन कुंपणाकडे चालत गेला. दादाने हवेचं विचारलं. हवा छान आहे, वारा समोरून आहे, तो म्हणाला. आणि मग, पाण्यात उतरताना जसा माणूस श्वास रोखतो तसा रोखून, सगळं सांगून टाकलं. तू पडत होतास तेव्हा मला आनंद झाला होता. मी टाळ्या वाजवणार होतो. पलीकडे छापखान्याचं यंत्र धडधडत होतं. दादा रविवारीही यंत्र बंद ठेवत नसे. "हॅलो?" तो म्हणाला. "दादा?" "अरे," दादा म्हणाला, "पडलो कुठे होतो मी? उडी मारली होती." "काय?" "उडी. बाबांचा तो मोठा सदरा चोरून घातला होता ना, वाटलं हवा भरेल. भरलीसुद्धा! पडलो म्हणून सांगितलं, नाहीतर बाबांनी दुसराही पाय मोडला असता. तुला माहीत नव्हतं? मला इतकी वर्षं वाटतंय की तुला माहीत आहे आणि तू मला सांभाळून घेतोयस." तो कुंपणाची तार धरून उभा राहिला. "मजा आली होती का रे?" त्याने विचारलं. त्याचा आवाज नऊ वर्षांच्या मुलासारखा निघाला. दादा हसला. "खाली येईपर्यंत? फार. आणि तू टाळ्या वाजवल्या असत्यास तर बरं झालं असतं. एक तरी माणूस बघायला होता."

परत आला तेव्हा बाईंनी ट्रान्समीटर गळ्यात अडकवला होता. "तो द्या," तो म्हणाला. बाईंनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे. त्यांनी पट्टा काढून त्याच्या गळ्यात घातला. "मी शेजारी उभी राहते. घाई करायची नाही. ते डावीकडे ओढेल, शेपटीचा रडर उजवीकडे द्यायचा, घाबरत घाबरत नाही, मोठ्या भावासारखा." इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. आवाज पोटात शिरला. मागे गवत आडवं झालं, सासूबाईंचा पदर उडाला, त्यांनी तो धरला नाही. त्याने थ्रॉटल पुढे सारली. हरिकेन फेंगड्या पायांनी धावू लागलं, डावीकडे ओढलं, त्याने उजवीकडे धरलं, शेपूट उचललं, आणि आता ते चाकांवर तरंगत होतं, जमिनीला नुसतं चिडवत होतं, आणि मग मधे फट पडली. विमान आणि जमीन यांच्यामधे एक उजेडाची फट, वीतभर, हातभर, पुरुषभर. त्याच्या पोटात काहीतरी हलकं होऊन वर राहिलं. तो ओरडला. काय ओरडला ते त्याला नंतर आठवेना. बायको म्हणते, "गेलं, गेलं," असं ओरडत होतात, जशी काही चोरी झाली. "चाकं आत," बाई म्हणाल्या. चाकं पोटात मिटली. आणि एकदम ते तेरा किलोचं लाकूड-कापड राहिलं नाही. ते लांब, मोठं, खरं दिसू लागलं, जड माणसाने पाण्यात उतरताच हलकं व्हावं तसं. त्याने ते वळवलं. पंख कलला, वरची बाजू उन्हात चमकली, शेपटीकडच्या कापडाखालच्या फासळ्यांच्या सावल्या दिसल्या, आणि त्याला त्यातली प्रत्येक फासळी ओळखीची वाटली. पुन्हा वळवलं. खाली आणलं. डोळ्यांसमोरून, घराच्या उंचीवरून, ते मैदानभर गरजत गेलं, आणि त्या गर्जनेतून त्याला मागे एक बारीक, तुटक, जोरजोरात होणारा आवाज ऐकू आला. वळून पाहायची सोय नव्हती. सासूबाई टाळ्या वाजवत होत्या.

सहाव्या मिनिटाला इंजिन बंद पडलं. आधी एक खोकला, मग काहीच नाही. इतकी शांतता की कुंपणाची तार वाऱ्याने वाजलेली ऐकू आली. मैदानाच्या पार टोकाला, उंचावर, समोरचा पंखा स्थिर होऊन आडवा राहिला. "तापलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "नाक खाली. दांडी मागे ओढायची नाही. ओढावंसं वाटेल, ओढायचं नाही. वेग आहे तोवर विमान आहे." त्याला ओढावंसं वाटत होतं, दोन्ही हातांनी वर धरून ठेवावंसं वाटत होतं. पण त्याने नाक खाली केलं. त्याने ते पडू दिलं. आणि पडू दिल्याबरोबर ते उडू लागलं, बिनआवाजाचं, पंखांवर हवेचा सुस्कारा तेवढा. एक वळण. "अजून नको. अजून नको. आता." दुसरं वळण. "चाकं." पाय बाहेर आले, लांब लांब रोवलेले. पट्ट्याचा कापलेला भाग मागे राहिला. ते उंच गवताकडे येत होतं, खाली, आणखी खाली, त्याची सावली त्याला भेटायला धावत आली, चाकं टेकली, एकदा उसळली, टेकली, चालली, आणि गवतात गुंतून शेपूट उचलत उचलत विमान सावकाश, एखाद्या म्हाताऱ्याने वाकून काही शोधावं तसं, नाकावर उभं राहिलं. कड्ड असा आवाज आला.

तो होता तिथेच गवतात बसला, ट्रान्समीटर मांडीवर. हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हे दोन्ही सगळ्यांसमोर चाललं होतं, आणि त्याने रुमाल काढला नाही. बायको चपला टाकून विमानाकडे धावत सुटली होती. तीस वर्षांत त्याने तिला धावताना पाहिलं नव्हतं. तिकडून तिचा आवाज आला, दोन्ही हात तोंडाभोवती धरून, "पाय शाबूत आहेत! कापड शाबूत आहे! नुसता पंखा मोडलाय पुढचा!" बाईंनी सुस्कारा टाकला आणि व्रणाच्या अंगठ्याने कपाळ पुसलं. "पंखा आहे माझ्या गाडीत, याच मापाचा," त्या म्हणाल्या. "इंजिन थंड व्हायला हवं, वरचं झाकण जरा मोकळं करू, मिश्रण बदलू. अर्धा-पाऊण तास तरी जाईल." मग सासूबाईंकडे वळून, ऊन डोक्यावर आलेलं बघून, काळजीने म्हणाल्या, "आजी, तुम्हाला घरी सोडायला सांगू का कोणाला? उगाच ताटकळाल."

सासूबाईंनी पदर झटकून डोक्यावरून घेतला आणि खुर्ची उन्हाकडून जराशी आकाशाकडे वळवून घेतली.

"छे हो," त्या म्हणाल्या. "लावा तुम्ही पंखा सावकाश. मला कुठे जायचंय?"